‘स ला ते’ आपण दोनदा का पाठ केलं? जर्मनमधला आकुझाटिफ आणि डाटिफ, मराठीतून

मागच्या आठवड्यात रात्री साडेअकराला भाचीचा व्हॉइस मेसेज आला. "मावशी, मला एकच सांग, मराठीत ला आलं की जर्मनमध्ये डाटिफ, बरोबर ना? मग माझे बावीसपैकी नऊ चुकले कसे?" आवाज रडवेला. पोरगी नर्स आहे, सांगलीकडची, दिवसभर ड्युटी करून संध्याकाळी ऑनलाइन क्लास करते, आणि तिच्या बॅचमधल्या सगळ्यांची गाडी म्हणे याच स्टेशनवर अडकलीये.

आणि ही बॅच काय एकटी नाहीये. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, पहिल्या टप्प्यात दहा हजार जणांची गोष्ट होती, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसाची मर्यादा वर्षाला 20 हजारांवरून 90 हजारांवर नेली, आणि तेव्हापासून आपल्याकडे इलेक्ट्रिशियनपासून फिजिओथेरपिस्टपर्यंत जो तो डेअर-डी-डास घोकतोय. नर्सिंगवाल्यांना तर साधारण बी-टू लेव्हलपर्यंत जावं लागतं. पण अडकायला होतं ते पार सुरुवातीला, ए-वनमध्येच. तिथे हे दोघे भेटतात, आकुझाटिफ आणि डाटिफ, जर्मनमधल्या दोन विभक्त्या.

भाचीला मी जे सांगितलं तेच इथे जरा ऐसपैस लिहितेय. मी व्याकरणाची पंडित नाही, काही वर्षं श्टुटगार्टला राहून, चुका करून, लोकांना हसवून जे डोक्यात बसलं ते सांगते.

विभक्ती म्हणजे पंगतीतली जागा

विभक्ती हा शब्द ऐकला की शाळेतला तक्ता आठवतो आणि पोटात गोळा येतो, म्हणून तक्ता बाजूला ठेवू. पंगत डोळ्यासमोर आणा. वाढपी आहे, त्याच्या ताटात जिलबी आहे, आणि समोर पान मांडून आजोबा बसलेत. वाक्य काय? वाढप्याने आजोबांना जिलबी वाढली. तीन नामं, तिघांची कामं वेगळी. वाढपी करणारा. जिलबी ही जिच्यावर थेट क्रिया होते ती, म्हणजे जी उचलून वाढली जाते. आणि आजोबा म्हणजे ज्यांच्या पानात ती पडते. कोणाचं काम कुठलं हे सांगणारी खूण म्हणजे विभक्ती, बाकी काही नाही.

जर्मनमध्ये करणाऱ्याला नॉमिनाटिफ म्हणतात, जिलबीला आकुझाटिफ, आणि पानवाल्याला डाटिफ. चौथी एक गेनिटिफ आहे, आपली चा-ची-चे, तिला आज पंगतीत बोलवलेलं नाही.

फरक एवढाच की मराठीत खूण शब्दाच्या शेपटीला लागते, आजोबा-ना, वाढप्या-ने. जर्मनमध्ये ती शब्दाच्या आधी येते, आर्टिकलवर. आर्टिकल म्हणजे नामाच्या पुढे चालणारा तो छोटा शब्द, डेअर, डी, डास. (डास म्हणजे चावणारा नाही, नपुंसकलिंगी नामाचं आर्टिकल आहे, पण क्लासमध्ये पहिल्या दिवशी सगळे हसतातच.) आपल्याकडे गाडीला मागून डबा जोडतात, त्यांच्याकडे इंजिनच बदलतं आणि डबे बहुतेक वेळा जसेच्या तसे राहतात.

तीच पंगत जर्मनमध्ये, जिलबी मिळत नाही म्हणून केक घेऊ:

डेअर केल्नर ब्रिंग्ट डेम ओपा डेन कूखन.

वेटर आजोबांना केक आणून देतो. केल्नर, ओपा आणि कूखन तिघेही जर्मनमध्ये पुल्लिंगी, तिघांचंही मूळ आर्टिकल डेअर. पण वाक्यात बघा, करणारा डेअर राहिला, आजोबांचं डेम झालं, केकचं डेन झालं. हे एक वाक्य पाठ असलं तरी अर्धी लढाई झाली, मी आजही अडले की मनातल्या मनात याच आजोबांना केक देते.

बदलतं तरी किती?

लोक घाबरतात त्यापेक्षा कमी. आकुझाटिफमध्ये फक्त पुल्लिंगी बदलतं, डेअरचं डेन. स्त्रीलिंगी डी तशीच, नपुंसकलिंगी डास तसंच, अनेकवचनही तसंच. एकच बदल! म्हणजे नाम पुल्लिंगी नसेल तर आकुझाटिफची काळजी करायचं कारणच नाही.

डाटिफ मात्र सगळ्यांना हलवतो. पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी दोन्हींचं डेम, स्त्रीलिंगी डीचं डेअर, आणि अनेकवचनी डीचं डेन, शिवाय नामाच्या शेवटी बहुतेक वेळा एक न चिकटवायचा. म्हणजे किंडर, मुलं, डाटिफमध्ये डेन किंडर्न.

इथे पहिला घोळ होतो. डेअर मुटर असं ऐकलं की नवशिक्याला वाटतं की अरे आई पुल्लिंगी कधी झाली? झाली नाही बाई, ती पानावर बसलीये, डाटिफमध्ये आहे. डेअर दिसलं म्हणजे पुल्लिंगी आणि डेन दिसलं म्हणजे आकुझाटिफ असं धरून चालू नका, एकच टोपी दोन-तीन जण आलटून पालटून घालतात, कोणाच्या डोक्यावर आहे ते बघायचं.

सर्वनामांचं तसंच. मी म्हणजे इश, आकुझाटिफ मिश, डाटिफ मिअर. तू म्हणजे डू, मग डिश आणि डिअर. तो म्हणजे एअर, मग ईन आणि ईम. मिश आणि मिअर दोन्हींचं मराठी ‘मला’. डिश आणि डिअर दोन्हींचं मराठी ‘तुला’.

आणि इथेच सगळी भानगड आहे.

खरा गुन्हेगार: आपलं ला

शाळेत द्वितीयेचे प्रत्यय म्हणायचो, स ला ते, स ला ना ते. मग तृतीया. मग चतुर्थी, आणि चतुर्थीला परत तेच, स ला ते, स ला ना ते. तेव्हा आम्हाला आनंद झाला होता की चला, एक ओळ कमी पाठ करायची. कोणीच विचारलं नाही की प्रत्यय सारखे तर विभक्त्या दोन कशाला? उत्तर असं की कामं दोन आहेत, खूण एक झालीये. मी डॉक्टरला पाहिलं यातला डॉक्टर जिलबीच्या जागी आहे. मी डॉक्टरला रिपोर्ट दिला यातला डॉक्टर पानावर बसलाय. ला दोन्हीकडे तेच. म्हणजे ला बघून तुम्हाला काहीही कळत नाही.

वर अजून एक गंमत, वस्तू असली तर जिलबीच्या जागेला आपण ला लावतच नाही. मी भात खाल्ला, भाताला खाल्लं नाही. म्हणजे खरा आकुझाटिफ मराठीत बऱ्याचदा उघडाबोडका फिरतो आणि ला लावून मिरवणारा निम्म्या वेळा डाटिफ निघतो. भाचीचे नऊ इथेच गेले, तिने जिथे ला दिसलं तिथे डेम ठोकून दिलं.

संस्कृतात हा घोळ नव्हता. संध्याकाळी घरात रामरक्षा म्हटली जायची ज्यांच्याकडे त्यांना तो श्लोक आठवेल ज्यात राम सगळ्या विभक्त्यांतून फिरून येतो. त्यात ‘रामं रमेशं भजे’ आहे आणि ‘रामाय तस्मै नमः’ आहे. रामं म्हणजे द्वितीया, आपला आकुझाटिफ. रामाय म्हणजे चतुर्थी, डाटिफ. मराठीत दोन्ही ‘रामाला’, रामाला भजतो, रामाला नमस्कार. संस्कृतात मात्र भजे आलं की रामं आणि नमः आलं की रामायच, उलटं केलंत तर चूक. जर्मनमध्येही अगदी हेच, कुठलं क्रियापद कुठली विभक्ती मागणार ते आधीच ठरलेलं.

आणि तो ‘तस्मै’ बघा. संस्कृत तस्मै आणि जर्मन डेम, यांचा म एकाच जुन्या घराण्यातला आहे, या दोन भाषा लांबच्या चुलत बहिणी लागतात. कस्मै आणि वेम, म्हणजे ‘कोणाला’, तेही तसंच. मला तर तस्मै-डेम, कस्मै-वेम ही जोडी सापडली त्या दिवशी डाटिफ पाठ करायचा बंद झाला. दहावीला स्कोरिंग म्हणून संस्कृत घेतलेल्यांनो, ते मार्क आता वटवा. पुण्या-मुंबईत जिथे जर्मन शिकवतात त्या मॅक्स म्युलर भवनाला नाव आहे तो माणूसही ऋग्वेद छापून काढणारा जर्मन पंडित होता, भारतात मात्र कधी आलाच नाही, ते असो.

मग ओळखायचं कसं? भूतकाळाची युक्ती

पुस्तकं सांगतात वेन विचारा, वेम विचारा. वेन म्हणजे कोणाला, वेम म्हणजे पण कोणाला. धन्यवाद, फार मदत झाली.

मराठी माणसाकडे याहून चांगलं हत्यार आहे आणि ते फुकट आहे. वाक्य भूतकाळात टाका आणि क्रियापद कोणाच्या तालावर नाचतं ते बघा.

मी आईला साडी दिली. मी आईला शर्ट दिला. मी आईला पातेलं दिलं.

दिली, दिला, दिलं. आई तीच, देणारी मी तीच, तरी क्रियापद बदलतंय, कारण ते साडी, शर्ट आणि पातेल्याकडे बघून बदलतंय. ज्याच्याकडे बघून बदलतं तो आकुझाटिफ. शेजारी ला लावून शांत बसलेली आई डाटिफ. हे आपण दोन वर्षांचे असल्यापासून न चुकता करतोय, कुठल्याही जर्मन मास्तरला हे शिकवता येणार नाही.

आता एकच ला असेल तर? मी डॉक्टरला पाहिलं. क्रियापद पाहिलं, कोणाच्याच बाजूने नाही. अशा वेळी माणूस काढून वस्तू बसवा. मी रिपोर्ट पाहिला. ला गळून पडलं ना? म्हणजे ती जागा जिलबीची होती, आकुझाटिफ. इश झेहऽ डेन आर्त्स्ट. मी त्याला मारलं? मी डास मारला (हा चावणारा), ला गेलं, आकुझाटिफ.

मी डॉक्टरला मदत केली? इथे केली कोणाकडे बघून? मदतीकडे. म्हणजे जिलबी इथे मदत आहे आणि डॉक्टर पानावर. डाटिफ. इश हेल्फऽ डेम आर्त्स्ट. इंग्रजीतून विचार करणारा इथे हमखास डेन म्हणतो कारण त्याला हेल्पमध्ये मदत नावाची वेगळी वस्तू दिसत नाही, आपल्याला दिसते. सांगणं तसंच, मी डॉक्टरला गोष्ट सांगितली, गोष्ट जिलबी, डॉक्टर डाटिफ.

भाचीला हे सांगितलं तेव्हा ती दोन मिनिटं गप्प, आणि मग नऊपैकी सहा स्वतःच दुरुस्त करून पाठवले.

उरलेल्या तिघांचं काय?

ते तिघे युक्तीला न जुमानणारे. विचारणं, फोन करणं, भेटणं. मराठीत ‘मी डॉक्टरला प्रश्न विचारला’, ‘फोन केला’, म्हणजे युक्तीप्रमाणे डॉक्टर डाटिफ व्हायला हवा. जर्मनमध्ये फ्रागन, आनरूफन आणि ट्रेफन तिन्ही आकुझाटिफ घेतात. का? त्यांच्या डोक्यात प्रश्न किंवा फोन नावाची वेगळी वस्तू नाहीच, विचारायची क्रिया थेट माणसावर होते. भिंतीवर चिकटवून ठेवा, दुसरा इलाज नाही. तरी आनरूफनबाबत एक दिलासा, स्वित्झर्लंडमध्ये आणि जर्मनीच्या नैऋत्येला काही भागांत बोलताना लोक त्याला डाटिफ लावतात, परीक्षेत मात्र लावू नका.

उलट बाजूने काही क्रियापदं अशी की मराठीत तिथे ला नसतंच आणि जर्मनमध्ये मात्र डाटिफ लागतो. तुझे आभार, तुझं अभिनंदन, तुझ्यावर विश्वास, तुझं ऐकते, तुझ्यामागे येते. आपल्याकडे चा-ची-चे, वर, मागे, काहीही. त्यांच्याकडे डांकन, ग्रातुलीरन, ग्लाउबन, त्सूह्योरन, फोल्गन, आणि सगळ्यांना डिअर. यांच्यातही बघा, आभार काय, विश्वास काय, दिलेलीच वस्तू आहे, तुझ्या पानात पडलीच म्हणायची.

स्वयंपाकघरातला प्रसंग

चुकलं तर एवढं काय बिघडतं, हा प्रश्न येणारच, तर माझंच ऐका.

पहिल्या वर्षी एका जर्मन मैत्रिणीबरोबर फ्लॅट शेअर करत होते. ती दमून आली, मी म्हटलं आज तुला मी करून घालते. तुला, म्हणजे डिश, असं डोक्यात पक्कं बसलेलं. गॅसपाशी उभी राहून मोठ्या प्रेमाने म्हणाले, हॉयटऽ कोखऽ इश डिश! तिने हातातली पिशवी खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं, आणि अतिशय गंभीर चेहऱ्याने विचारलं, मिट झाल्त्स? म्हणजे मीठ घालून? मला कळेना की मीठ घालूनच करणार ना, यात विचारायचं काय, मी आपली मान डोलावली, या, या, मिट झाल्त्स. ती ओट्याला टेकून इतकी हसली.

मी म्हटलं होतं, आज मी तुला शिजवते.

डिश म्हणजे जिलबीच्या जागी तू, पातेल्यात तू. डिअर म्हणजे तुझ्या पानात. हॉयटऽ कोखऽ इश डिअर. मराठीत ‘तुला करते’ म्हटलं तरी कोणी कोणाला पातेल्यात घालत नाही कारण ऐकणारा समजून घेतो, जर्मन आर्टिकल आणि सर्वनाम मात्र अक्षरशः घेतं.

मला थंडी वाजते, मला आवडतं: इथे आपण पुढे

आतापर्यंत ‘ला’ला शिव्या घातल्या, आता त्याचं कौतुक.

मला थंडी वाजते. मला गरम होतंय. मला आवडतं. मला वाईट वाटतं. मला बरं आहे. या वाक्यांत मी करणारी नाहीच, थंडी माझ्यापर्यंत आली, आवड माझ्यापर्यंत आली, मी पानावर बसलेय. इंग्रजीत मात्र मीच कर्ता होते, मी थंड आहे, मी गरम आहे अशा पद्धतीने. आणि जर्मन? जर्मन इथे आपल्या बाजूने आहे.

मिअर इस्ट काल्ट, मला थंडी वाजते. मिअर इस्ट हाइस, मला गरम होतंय. डास गेफेल्ट मिअर, मला हे आवडतं. एस टूट मिअर लाइड, मला वाईट वाटतं. डास श्मेक्ट मिअर, मला याची चव आवडली. डू फेल्स्ट मिअर, मला तुझी आठवण येते.

सगळीकडे मिअर, शब्दशः मराठी. इंग्रजीतून उचलून ‘इश बिन हाइस’ म्हटलंत तर उकाड्याचा अर्थ राहत नाही, भलताच अर्थ होतो आणि भर मीटिंगमध्ये लोक खाली बघायला लागतात. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की मराठी माणसाने जर्मन इंग्रजीतून शिकू नये, निदान हा भाग तरी. क्लासमध्ये सगळं इंग्रजीतून समजावतात, ज्या भाषेत हा फरकच उरलेला नाही. इंग्रजीतलं ‘हिम’ मुळात डाटिफचं रूप होतं, आकुझाटिफचं वेगळं रूप मरून गेलं आणि हिमने दोन्ही कामं घेतली. म्हणजे त्यांचंही ला झालंय. आपल्याकडे निदान साडी दिली, शर्ट दिला आहे, त्यांच्याकडे तेही नाही.

पण लगेच हुरळून सगळ्या ‘मला’ला मिअर लावू नका. मला भूक लागली म्हणजे इश हाबऽ हुंगर, मी भूक बाळगते. मला पेन हवंय म्हणजे इश ब्राउखऽ आइनन श्टिफ्ट. मला माहितीये, मला दोन मुलं आहेत, मला ताप आहे, सगळीकडे इश. ढोबळ मानाने आवडणं, रुचणं, पटणं, वाटणं, थंडी-गरम-मळमळ इथे मिअर, आणि जिथे काहीतरी ‘असतं’ किंवा ‘हवं असतं’ तिथे इश. ढोबळ मानाने हं.

उंबरठ्याचा नियम

आता ज्याला सगळे घाबरतात तो भाग. शब्दयोगी अव्ययं, म्हणजे आत, वर, खाली, मागे असे शब्द, जर्मनमध्ये नामाच्या आधी येतात आणि आपापली विभक्ती मागतात. त्यातले नऊ दुतोंडी आहेत, कधी आकुझाटिफ, कधी डाटिफ: आन, आउफ, हिंटर, इन, नेबन, यूबर, उंटर, फोअर, त्स्विशन.

पुस्तकात लिहिलेलं असतं की हालचाल असेल तर आकुझाटिफ, स्थिर असेल तर डाटिफ. हे अर्धसत्य आहे आणि त्याने फार नुकसान केलंय. मुलं बागेत पळतायत, हालचाल आहे ना? भरपूर. तरी डी किंडर लाउफन इम गार्टन, आणि इम म्हणजे इन डेम, डाटिफ. कारण मुलं आधीपासून बागेतच आहेत, आतल्या आत पळतायत. तीच मुलं अंगणातून बागेत शिरली तर लाउफन इन डेन गार्टन, आकुझाटिफ.

म्हणून हालचाल विसरा, उंबरठा बघा. क्रियेमुळे उंबरठा ओलांडला गेला का? ओलांडला तर आकुझाटिफ. उंबरठ्याच्या आत तुम्ही झोपा, नाचा, फुगडी घाला, डाटिफच.

इश गेहऽ इन डी क्यूशऽ, मी स्वयंपाकघरात जाते. इश बिन इन डेअर क्यूशऽ, मी स्वयंपाकघरात आहे. मराठीत दोन्हीकडे ‘स्वयंपाकघरात’. पुण्याला जाते, पुण्याला असते, परत तेच ला, दोन्ही कामं करतंय. संस्कृतात ग्रामं गच्छति म्हणजे गावाला जातो, द्वितीया, आणि ग्रामे वसति म्हणजे गावात राहतो, सप्तमी. जायचं ठिकाण द्वितीयेत हे संस्कृतवाल्यांना नवीन नाही.

वस्तूंचंही तसंच. हँडी टेबलावर ठेवला (मोबाईलला ते हँडी म्हणतात), हातातून टेबलावर गेला, उंबरठा ओलांडला: आउफ डेन टिश. हँडी टेबलावर आहे: आउफ डेम टिश. ठेवायला लेगन, पडून असायला लीगन. क्रियापदाची जोडीच वेगळी आहे म्हणून ऐकतानाही कळतं.

पण मग डॉक्टरकडे जाते याला डाटिफ का?

हा आक्षेप भाचीने घेतलाच आणि बरोबर घेतला. त्सुम आर्त्स्ट, त्सू डेम, डाटिफ, आणि इथे तर मी चालत जातेय.

उंबरठ्याचा नियम फक्त त्या नऊ जणांना. बाकीचे ठरलेले आहेत, त्यांना प्रसंग विचारायचा नाही. आउस, बाय, मिट, नाख, झाइट, फॉन, त्सू, हे सात कायम डाटिफ. डुर्श, फ्यूर, गेगन, ओनऽ, उम, हे पाच कायम आकुझाटिफ. पाढ्यासारखं म्हणा, चालता-चालता, भांडी घासताना, बस.

एकच सावधगिरी, फ्यूर म्हणजे ‘साठी’. आईसाठी म्हटलं की मन म्हणतं आईच्या पानात, डाटिफ. संस्कृत झालेल्यांचं तर जास्तच म्हणतं, कारण तिथे साठी म्हणजे चतुर्थी. पण फ्यूर आकुझाटिफवाला आहे. बाबांसाठी म्हणजे फ्यूर डेन फाटर. पानाचा नियम क्रियापदाला, अव्ययाच्या घरात अव्ययाची सत्ता.

जर्मन लोक तरी कुठे बरोबर बोलतात?

हे खरंय, आणि याने मला फार धीर आला होता. बर्लिनच्या बोलीत मिअर आणि मिशची खिचडी प्रसिद्ध आहे. तिथली एक जुनी थट्टा आहे की बर्लिनवाला कायम मिअरच म्हणतो, अगदी ते बरोबर असलं तरीही! उत्तरेकडच्या लो जर्मन बोलींमध्ये तर आकुझाटिफ आणि डाटिफ कधीचेच एकत्र झालेत. म्हणजे ला व्हायची प्रवृत्ती सगळीकडेच आहे, लेखी जर्मनने ती अडवून धरलीये एवढंच.

म्हणून दुकानात, ट्रामस्टॉपवर, शेजाऱ्याशी चुका करा, बिनधास्त करा, लोक समजून घेतात. पण हॉस्पिटलमध्ये ड्युटी बदलताना जे लिहायचं, सांगायचं, तिथे काय कोणाला दिलं हे आर्टिकलवरच कळतं. कारण जर्मनमध्ये मराठीसारखाच शब्दांचा क्रम मोकळा आहे. कुत्रा माणसाला चावला, माणसाला कुत्रा चावला, आपल्याला दोन्ही चालतं कारण ला सांगतंय कोण चावला गेला. त्यांच्याकडे डेअर हुंड बाइस्ट डेन मान, डेन मान बाइस्ट डेअर हुंड, दोन्हीत कुत्राच चावरा. आणि डेन हुंड बाइस्ट डेअर मान म्हटलंत की बातमी झाली, माणूस कुत्र्याला चावला. शब्द तेच, क्रम जवळजवळ तोच, फक्त इंजिनांची अदलाबदल.

दोन कर्मं शेजारी आली तर साधारणपणे डाटिफ आधी, आकुझाटिफ नंतर, आजोबांना केक, मराठीसारखंच. केकच्या जागी नुसतं ‘तो’ आलं तर मात्र तो आधी सरकतो, एअर ब्रिंग्ट ईन डेम ओपा. हे आत्ता नाही लक्षात राहिलं तरी काही अडत नाही.

काल भाचीने परत पेपर सोडवला, बावीसपैकी एकोणीस. गेलेले तीन कुठले? फ्रागन, आनरूफन आणि फ्यूर. मी म्हटलं छान, आता झोप. तर म्हणाली, "मावशी, झोपते गं, पण हे बघ ना, डेम आल्टन मान असं लिहिलंय, म्हणजे म्हातारं हे विशेषण पण बदलतं की काय?"

तिला मी अजून उत्तर दिलेलं नाही. आंटव्होर्टन, उत्तर देणं, डाटिफ घेतं, एवढंच सांगून ठेवलंय.